अँका पॉझिटिव्ह आली, मग बायोप्सी कशाला?

पत्र : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आमची दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. मुलीच्या शाळेसाठी आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. आमचे हे ४६ वर्षांचे. पावसाळ्यापासून त्यांचं नाक चोंदतं, रक्ताच्या खपल्या निघतात. सायनस म्हणून औषधं झाली. ऑक्टोबर छाटणीनंतर ताप यायला लागला, सांधे धरले, पायांवर लाल पुरळ उठलं. सगळे म्हणाले फवारणीची ॲलर्जी. डेंग्यू निगेटिव्ह, प्लेटलेट चांगल्या. विडाल पॉझिटिव्ह म्हणून टायफॉइडची सलाइनं झाली. छातीच्या फोटोत डाग दिसले तर टीबीचा संशय आला, पण थुंकी निगेटिव्ह. सात किलो वजन गेलं. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तवाहिन्यांना सूज आहे, व्हॅस्क्युलायटिस. सी-अँका आणि पीआर-३ या रक्ताच्या तपासण्या पॉझिटिव्ह आल्या. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तीन आठवड्यांत १.१ वरून १.६ झालं. आता म्हणतात किडनीची बायोप्सी करू, शिवाय आणखी डझनभर तपासण्या. दीर म्हणतात, सुई लावली की रोग पसरतो. हे म्हणतात, माल निघू दे, फेब्रुवारीत बघू. मुलीने मोबाइलवर कुठला तक्ता काढून गुण मोजले, दहा आले, पाच लागतात म्हणे. मग रोग कळलाच ना? आणखी तपासण्या कशाला? आणि ती विचारते, हे आम्हाला पण होईल का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, आधी फेब्रुवारीचं सांगते. नाही. फेब्रुवारी नाही, पुढचा आठवडाही नाही. हे पत्र वाचलं की आज-उद्या डॉक्टरांना फोन लावा आणि भरती कधी व्हायचं ते विचारा.

१.१ आणि १.६ हे आकडे कागदावर शेजारी-शेजारी ठेवले तर फरक चिल्लर वाटतो. पण त्या वयाच्या पुरुषात याचा अर्थ असा, की किडनीच्या गाळण्याच्या कामातला साधारण तिसरा हिस्सा तीन आठवड्यांत गेला. मधुमेहात एवढं नुकसान व्हायला वर्षं लागतात. इथे आठवडे लागले. घड यजमानांशिवाय तोडता येतात, तोडणीचा ठेका देता येतो, व्यापाऱ्याशी दीर बोलू शकतात. किडनीचं काम ठेक्याने देता येतं ते फक्त डायलिसिसच्या मशीनला, आणि ते तुम्हाला नको आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. तो अगदी रास्त आहे, आणि मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाच्या मागे बसलेली पॅथॉलॉजिस्ट असल्यामुळे त्याचं उत्तर जरा सविस्तर देते.

तुमच्याकडे ठिबक असेलच. विहिरीवरच्या मोटारीपासून मेन लाइन निघते, तिची सबमेन होते, मग लॅटरल आणि शेवटी वेलीच्या बुडाशी ड्रिपर. शरीरातही असंच आहे. हृदयातून निघणारी महाधमनी म्हणजे मेन लाइन, हातापायांकडे, आतड्याकडे जाणाऱ्या मधल्या नळ्या, आणि शेवटी केसाहून बारीक केशवाहिन्या. व्हॅस्क्युलायटिसमध्ये या नळ्यांच्या भिंतीला सूज येते. आपल्याच संरक्षक पेशी भिंतीत घुसून ती पोखरतात. मग दोनपैकी एक होतं. कुठे नळीचं भोक आवळत जातं आणि पुढे रक्त पोचत नाही. कुठे भिंत विरते आणि रक्त बाहेर झिरपतं.

मेन लाइन बिघडली तर अर्धं वावर सुकतं, ते बांधावरून दिसतं. पण बिघाड ड्रिपरमध्ये असेल तर? एक वेल इथली मान टाकते, एक पलीकडच्या ओळीतली. कुणाला वाटतं रोग पडला, कुणाला वाटतं खत कमी पडलं. तुमच्या यजमानांचं असंच झालं. नाकाच्या आतली बारीक वाहिनी, पायाच्या कातडीतली, फुप्फुसातली, किडनीतली, सगळी ड्रिपरच्या मापाची. नाक कानानाकाच्या डॉक्टरांनी पाहिलं, ताप फॅमिली डॉक्टरांनी, छाती तिसऱ्यांनी. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच पाहिलं असेल. चारही गोष्टी एका कागदावर येईपर्यंत पाच महिने गेले. यासाठी कुणाला शिव्या देत बसू नका. हा रोग विरळा आहे, आणि नाशिकमध्ये ऑक्टोबरात ताप-पुरळ घेऊन आलेल्या माणसाला पहिल्यांदा डेंग्यूच विचारला जाणार.

या रोगांची नावं ठेवतानाही नळीचं मापच धरलं आहे. अमेरिकेतल्या चॅपल हिल या गावी १९९४ साली तज्ज्ञांनी बसून मोठ्या, मधल्या आणि बारीक वाहिन्यांचे असे गट पाडले, २०१२ मध्ये त्यात सुधारणा केली. तुमच्या डॉक्टरांच्या मनात जे नाव असावं ते आहे ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलीअँजायटिस, थोडक्यात जीपीए. जुन्या पुस्तकांत याला वेगनरचा रोग म्हणत. त्या डॉक्टरांचे नाझी पक्षाशी संबंध उघड झाल्यावर २०११ मध्ये वैद्यकीय संघटनांनी ते नाव सोडलं. तुम्हाला कुणी 'वेगनर' म्हणालं तर घाबरू नका, नवा रोग नाही, तोच आहे.

फवारणीच्या ॲलर्जीचं काय ते इथेच निकालात काढू. ॲलर्जीच्या गांध्या खाजतात, दाबल्या की फिक्या पडतात आणि एक गांध एका जागी सहसा दिवसभराच्या वर राहत नाही. तुमच्या यजमानांच्या पोटरीवरच्या एका ठिपक्यावर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून बघा. लाली तशीच राहिली तर ते रक्त नळीच्या बाहेर पडलेलं आहे, दाबून कुठे जाणार? मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवा. बाजरीच्या दाण्यासारखं उंच लागलं तर डॉक्टर त्याला हाताला लागणारा परप्युरा म्हणतात. डेंग्यूत प्लेटलेट उतरल्याने येणारे ठिपके सपाट असतात. प्लेटलेट चांगल्या आणि ठिपके उंच, या जोडीने तुमच्या डॉक्टरांचे कान टवकारले असणार. पायांवरच जास्त का, तर दिवसभर उभं राहून तिथल्या वाहिन्यांवर दाब जास्त असतो म्हणून.

विडालबद्दल मी फार बोलणार नाही, नाहीतर हे सदर तिथेच संपेल. एवढंच, की एकट्या विडालवर टायफॉइड ठरवायची आपल्याकडची सवय जुनी आहे आणि वाईट आहे.

त्यांचा ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारे रक्तातले आकडे, वाढलेला असेलच. या दोन्ही तपासण्या म्हणजे रात्री कुत्रं भुंकणं. काहीतरी हललंय हे खरं, पण चोर आहे, मांजर आहे की मुंबईहून पाहुणा आलाय, ते कुत्रं सांगत नाही. टीबीत वाढतो, दाढ किडली तरी सीआरपी वाढू शकतो. व्हॅस्क्युलायटिसचं निदान यावर कुणी करत नाही. रोग किती तापलाय आणि औषधाने निवतोय का, ते बघायला मात्र उपयोग होतो.

पण एक तपासणी अशी आहे जी सगळ्यात स्वस्त आहे आणि जिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. लघवीची. साधी युरिन रुटीन.

किडनी दुखत नाही. मुतखड्यात कळा येतात, त्याने लोकांचा समज झालाय की किडनीचं काही असेल तर कमरेत दुखेल. या रोगात किडनीतल्या गाळण्या जळत असतात आणि माणूस ट्रॅक्टर चालवत असतो. प्रत्येक किडनीत अशा सुमारे दहा लाख गाळण्या, प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंता. भिंत फाटली की लाल पेशी लघवीच्या बाजूला येतात. सुरुवातीला रंगसुद्धा बदलत नाही. नमुना फिरवून तळाचा थेंब काचपट्टीवर घेतला की दिसतात त्या पेशी, पण सगळ्या गोल नाहीत, काही चुरगळलेल्या, काहींना फुगवटे आलेले, कारण त्या फटीतून पिळवटून आलेल्या असतात. आणि नशीब असेल तर दिसतो कास्ट. लाल पेशी किडनीच्या बारीक नळीत एकत्र गोठतात आणि त्या नळीच्याच आकाराची, विटकरी रंगाची छोटी कांडी बनून बाहेर येतात. शेवेच्या सोऱ्यातून शेव पडावी तशी. मूत्राशयातून किंवा खड्यातून आलेल्या रक्ताला हा आकार येऊच शकत नाही. ती कांडी दिसली, की रक्त गाळणीतून आलं याची सही-शिक्क्यानिशी कबुली मिळाली.

यात एक माझी चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीची. पंचविशीतली एक शिक्षिका, थकवा आणि सांधेदुखी, लघवीत लाल पेशी. संध्याकाळची वेळ, समोर नमुन्यांची रांग. पाळीचं रक्त मिसळलं असेल असं मी मनाशी धरलं आणि तसा शेरा लिहून पुढच्या बाटलीकडे वळले. तिला पाळी चालू आहे का हे विचारायला एक माणूस बाहेर पाठवायचा होता, तो पाठवला नाही. साधारण पाच आठवड्यांनी तिचं नाव पुन्हा माझ्या टेबलावर आलं, डायलिसिस सुरू झालेल्या रुग्णांच्या यादीत. त्यानंतर माझ्या लॅबमध्ये लाल पेशी असलेली एकही काचपट्टी मशीनच्या आकड्यावर गेली नाही, मी किंवा कुणीतरी डोळ्याने पाहिलीच. मशीन पेशी छान मोजतं, कास्टच्या बाबतीत मात्र माझा त्याच्यावर भरवसा नाही.

म्हणून यजमानांच्या जुन्या फायली काढा. नाकाच्या तक्रारीच्या वेळी, टायफॉइडच्या वेळी कधीतरी युरिन रुटीन झालं असेल. त्यात लाल पेशी आणि प्रथिनं केव्हापासून दिसताहेत ते डॉक्टरांना कळलं तर किडनीला कधी धग लागली ते कळेल.

आता अँका. माझ्या एमबीबीएसच्या पुस्तकात ही तपासणी नव्हती. या रोगाशी तिचं नातं डच आणि डॅनिश डॉक्टरांनी १९८५ साली मांडलं. निरोगी माणसाच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी काचपट्टीवर पसरवायच्या, त्यावर रुग्णाचा सीरम ठेवायचा, धुवायचा, मग हिरवी चमकणारी खूण लावायची आणि अंधारात बघायचं. रुग्णाच्या रक्तात या पेशींच्या विरोधातली प्रतिपिंडं असतील तर पेशी उजळतात. पेशीभर दाणेदार हिरवा रंग पसरला तर सी-अँका, केंद्रकाभोवती जमला तर पी-अँका. पण हा झाला डोळ्याचा अंदाज. म्हणून नेमक्या कोणत्या प्रथिनाविरुद्ध, पीआर-३ की एमपीओ, ते वेगळं तपासतात, आणि २०१७ पासून तज्ज्ञांचं मत असं की हीच तपासणी आधी करावी. तुमच्या यजमानांची दोन्ही एकमेकांशी जुळताहेत, सी-अँका आणि पीआर-३. जीपीएच्या बाजूने हा भक्कम पुरावा आहे. हे मी कमी लेखत नाही.

तरीही एकट्या पुराव्यावर फाशी देत नाहीत. अँका टीबीत पॉझिटिव्ह येऊ शकते. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला, ज्याला एंडोकार्डायटिस म्हणतात, त्यातही येऊ शकते, आणि गंमत म्हणजे, म्हणजे गंमत कसली, त्या संसर्गातही ताप, वजन घटणं, पायावर ठिपके आणि लघवीत रक्त सगळं येतं. थायरॉइडच्या काही औषधांनी, रक्तदाबाच्या हायड्रॅलॅझिनने येते. उलट, काहींना रोग अंगभर असतो आणि अँका निगेटिव्ह असते.

आता हे पुढच्या गोष्टीशी जोडा. निदान पक्कं झालं की जी औषधं देणार ती कोणती? भरपूर स्टेरॉइड, जोडीला रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड. या सगळ्यांचं काम एकच, शरीराची फौज झोपवायची. फौजच बिथरली असेल तर ते योग्य. पण आत टीबी किंवा झडपेत जंतू बसला असेल आणि आपण फौज झोपवली, तर काय होईल ते सांगायला डॉक्टर लागत नाही. जीपीएमध्ये फुप्फुसात गाठी होतात, त्यांच्या मध्ये पोकळीही पडते, आणि सीटी स्कॅनवर त्या हुबेहूब टीबीसारख्या दिसू शकतात. म्हणून तुमच्या 'डझनभर' तपासण्या. रक्त कल्चर आणि टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झडपेसाठी. छातीचा सीटी आणि गरज पडली तर फुप्फुसातला द्राव घेऊन टीबीची तपासणी. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, कारण हिपॅटायटिस स्वतःच रक्तवाहिन्या सुजवू शकतो, आणि बी अंगात दबून असेल तर रिटुक्सिमॅबनंतर उसळी मारतो. एएनए, सी-३, सी-४ या रक्ताच्या तपासण्या ल्युपससारखे, फौज आपल्याच अंगावर उलटण्याचे, भाऊबंद रोग वगळायला. पायाला मुंग्या असतील तर नसांची तपासणी. यादी लांब आहे, पण त्यातला बराचसा भाग दुसऱ्या रोगांना दारातूनच परत पाठवण्यासाठी आहे. एचआयव्हीचं नाव वाचून घरात कुजबुज झाली असेल तर ती थांबवा. ही औषधं देण्याआधी तो सगळ्यांचाच बघतात.

मुलीचं कौतुक करा, तिने गुण बरोबर मोजले आहेत. नाकाच्या खपल्यांचे ३, पीआर-३ चे ५, फुप्फुसातल्या गाठींचे २, झाले दहा. तो तक्ता २०२२ सालचा आहे आणि खराच आहे. पण त्याच्या वरच्या ओळीत एक अट असते जी मोबाइलवर सगळेच ओलांडून जातात. बारीक किंवा मधल्या वाहिन्यांचा व्हॅस्क्युलायटिस आहे हे डॉक्टरांनी आधी ठरवलेलं असावं आणि त्यासारखे दिसणारे दुसरे रोग वगळलेले असावेत, त्यानंतरच गुण मोजायचे. रुग्णांना अभ्यासासाठी गटात बसवायची ती चाळण आहे. ॲडमिशन झाल्यावर तुकडी ठरवायची असते ना, तसं. ॲडमिशन त्या तक्त्याने होत नाही.

बायोप्सीकडे येते. दिराच्या भीतीचा राग मानू नका, ही समजूत कॅन्सरच्या नावाने गावोगाव फिरते आणि तिथेही ती बहुतेक ठिकाणी खोटीच असते. इथे तर कॅन्सर नाहीच. सूज सुईने पसरत नाही. त्यांना विचारा, देठ परीक्षणाला बागेतली देठं तोडून पाठवता तेव्हा बाग मरते का? आणि वेलीवर डावणी रोग आहे की नाही हे पानाच्या वरच्या पिवळ्या डागावर ठरवता की पान उलटून खालची पांढरी बुरशी बघता? किडनीचं पान उलटून बघायचा हाच मार्ग आहे.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते, म्हणजे रात्री झोप लागेल. आधी रक्तदाब आटोक्यात आणतात, प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची तपासणी करतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा, ती कधी बंद करायची ते तेच ठरवतील. त्यांना पालथं झोपवतील, पोटाखाली उशी. सोनोग्राफीवर किडनीचं खालचं टोक शोधून तेवढी जागा बधिर करतील. मग श्वास रोखायला सांगतील आणि स्प्रिंगच्या सुईचा 'खट्' असा आवाज येईल. दुखण्यापेक्षा त्या आवाजानेच माणसं दचकतात, म्हणून आधी सांगून ठेवलं. सहसा दोनदा. हाती येतो तो शेवईएवढा जाड, दीडेक सेंटीमीटर लांब धागा. त्यानंतर काही तास पाठीवर सरळ पडून राहायचं, बहुधा रात्रभर हॉस्पिटलात. दिवसभर लघवी लालसर येऊ शकते. क्वचित रक्तस्राव वाढतो, रक्त द्यावं लागतं, अगदी विरळा त्यासाठी आणखी उपाय करावे लागतात. धोका नाही असं मी म्हणणार नाही. सही करताना डॉक्टरांना तो विचारा.

तो धागा आमच्याकडे येतो तेव्हा त्याचे वाटे होतात. एक फॉर्मॅलिनमध्ये, एक चमकत्या तपासणीसाठी वेगळ्या द्रावात. मी सगळ्यात आधी गाळण्या मोजायची. निदान दहा-बारा तरी हव्यात, चारच मिळाल्या तर उत्तर देताना जीभ अडखळते. मग बघायचं त्या गाळण्यांत चंद्रकोरी आहेत का. खरंच तसंच दिसतं, गोल गाळणीच्या एका कडेला पेशींचा ढीग साचून कोरीचा आकार होतो आणि मधला केशवाहिन्यांचा गुंता दाबला जातो. कोर पेशींनी भरलेली, ताजी असेल तर औषधाने ती गाळणी वाचायची आशा असते. कोरीच्या जागी नुसता व्रण उरला असेल तर ती गेली. किती ताज्या, किती जुन्या, किती गाळण्या अजून शाबूत, हे अँकाचा कोणताही आकडा सांगत नाही.

दुसऱ्या वाट्यावर चमकणारी प्रतिपिंडं टाकून अंधाऱ्या खोलीत बघतात. मुलांच्या पायावर पुरळ आणणाऱ्या आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये आयजीए उजळतं. ल्युपसमध्ये जवळपास सगळंच पेटतं, दिवाळीसारखं. किडनीच्या पटलावरच हल्ला करणाऱ्या एका रोगात गाळणीच्या काठाने सलग हिरवी रेघ ओढल्यासारखी दिसते. आणि अँकाच्या रोगात काही दिसत नाही, जवळपास काळोख. नव्या विद्यार्थ्यांना वाटायचं काहीतरी चुकलं, पुन्हा करायला घ्यायचे. चंद्रकोरी आहेत आणि अंधार आहे, हाच तिथला निकाल.

कधी कधी वाट बघायला वेळ नसतो. खोकल्यातून रक्त येतं, क्रिएटिनिन रोज चढतं, अशा वेळी संसर्गाचा शक्य तेवढा शोध घेऊन डॉक्टर स्टेरॉइड आधी सुरू करतात आणि बायोप्सी नंतर करतात. किडनीतल्या खुणा त्याने चार दिवसांत पुसल्या जात नाहीत. काही रुग्णांना बायोप्सी करणं धोक्याचं असतं, त्यांना तिच्याशिवायच उपचार देतात. तुमच्या डॉक्टरांनी तसं ठरवलं तर ते चुकले असं समजू नका. कातडीची बायोप्सी सोपी असते, तीही सुचवतील कदाचित, पण तिला एक-दोन दिवसांतला ताजा ठिपका लागतो आणि ती फक्त कातडीचं सांगते.

आणखी एक, तुम्ही लिहिलं नाहीत पण मला शंका आहे. सांधेदुखीवर घरी डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या चालू आहेत का? असतील तर बंद करा आणि डॉक्टरांना सांगा, अशा किडनीला त्या चालत नाहीत. कुणी गावात 'ताकदीचं' इंजेक्शन किंवा पुडी दिली असेल तर तेही लपवू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर चार दिवस बरं वाटतं आणि निदान मात्र धूसर होतं.

मुंबईला जावं का, असं पुढच्या पत्रात विचाराल. नाशिकमध्ये संधिवाताचे आणि किडनीचे तज्ज्ञ आहेत, किडनीची बायोप्सी इथे होते. मुंबईला जायचं झालं तर ती नमुन्याची बाटली जाईल, तिला पंचवटी एक्सप्रेसचं तिकीट लागत नाही. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलताहेत ना, एवढं मात्र बघा. खर्चासाठी हॉस्पिटल महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का आणि यातलं काय बसतं, ते भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड बरोबर न्या.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी, कारण मेन लाइनचे रोग राहिले. तरुण मुलीच्या एका हाताची नाडी लागत नाही, दोन हातांच्या बीपीत मोठा फरक येतो, तर टाकायासू आर्टरायटिसचा विचार होतो. जपानी नेत्रतज्ज्ञ टाकायासू यांनी तो १९०८ साली पहिल्यांदा मांडला, आणि भारतात तो दिसतो. तिथे बायोप्सी जवळपास नसतेच, सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीवर नळीची भिंत आणि भोक बघतात. आणि पन्नाशीपुढच्या आजीला नव्याने कपाळाच्या बाजूला डोकेदुखी, भाकरी चावताना जबडा भरून येणं, मध्येच डोळ्यांपुढे अंधार, असं होत असेल तर चष्म्याच्या दुकानात नेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर. तिथे कानशिलाच्या वाहिनीची सोनोग्राफी किंवा बायोप्सी करतात, पण नजर वाचवायला स्टेरॉइड तिची वाट बघत नाही.

भरती होईपर्यंत लक्ष ठेवायचं ते असं. खोकल्यात रक्त किंवा अचानक धाप. लघवी कमी होणं किंवा कोऱ्या चहासारखी होणं. डोळा लाल होऊन ठणकणं. आणि चालताना एका पायातली चप्पल निसटते आणि त्यांच्या लक्षात येत नाही, हे झालं तर तेही लगेच कळवा, पायाची नस बधिर होत असल्याची ती खूण असते. यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

त्यांची फवारणीची वही असेलच, तारीख, औषध, प्रमाण सगळं लिहिलेली. तसंच एक पान आजाराचं करा. नाक कधी, ताप कधी, पुरळ कधी, कोणत्या तारखेला कोणतं औषध, वजन किती. पुरळाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दवाखान्यात जाईपर्यंत ते पुष्कळदा मावळतं. मला वाटतं हे काम त्यांनाच द्या. बागेतून उठवलेल्या माणसाच्या हाताला काही काम हवं, आणि तारखा त्यांच्याइतक्या कुणाच्या पाठ नसतील.

राहिला मुलीचा प्रश्न. हा रोग लागत नाही. एका ताटात जेवा, त्यांचा टॉवेल वापरा, काही होत नाही. बापाला झाला म्हणून मुलीला होईल असाही तो नाही, तिच्या तपासण्या करायची गरज नाही. औषधं सुरू झाल्यावर उलटं होईल. तिची सर्दी त्यांना लागेल आणि तिला दोन दिवसांत बरी होणारी सर्दी त्यांना महाग पडेल. तेव्हा शाळेतून शिंकत आली तर त्या दिवशी तिने बाबांच्या खोलीच्या दारातूनच बोलायचं, हे तिला आत्ताच समजावून ठेवा.